पाडव्याला बोललेला दर

चैत्रात आमच्या गावची सकाळ आधी कानाला कळते. गहू निघालेला असतो, हरभरा निघालेला असतो, काढलेला कांदा पातीखाली झाकून शेतातच सुकत पडलेला असतो आणि मोकळ्या झालेल्या काळ्या रानात कुठंतरी एक ट्रॅक्टर सुरू होतो. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज वेगळा, आणि नांगर जमिनीत घातलेल्या ट्रॅक्टरचा वेगळा. नांगर खाली बसला की आवाजाला एकदम वजन येतं. तो घुमतो, दमतो, पुन्हा जोर धरतो. मी लहानपणी त्या आवाजावरून सांगायचे, आण्णा आत्ता काळ्या रानात आहेत की मुरमाच्या. आई म्हणायची, "हिला अभ्यासातलं एवढं कळलं तर बरं हुईल."

आमचं गाव सोनईच्या अलीकडं. मुळेच्या कालव्याचं पाणी आहे, रान भारी आहे, आणि भारी रानाला उन्हाळ्यात खोल नांगरट लागते. जमीन उलटी करून उन्हात तापवली नाही तर हरळी मरत नाही. आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एकच ट्रॅक्टर. आमची शेती थोडी, ट्रॅक्टरचं काम जास्त. चैत्र-वैशाखात गावातली निम्मी रानं त्यांच्याच नांगराखालून जायची. अजूनही जातात.

यंदा कॉलेजातल्या मुलांच्या परीक्षा उरकून घरी आले तेव्हा आण्णा बशीत चहा ओतून टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर नकाशा होता. निळा समुद्र, त्यात एक चिंचोळी वाट आणि त्या वाटेच्या तोंडाशी अडकलेली छोटी छोटी जहाजं. बातम्या सांगणारा मोठ्यानं ओरडत होता.

"सवे, ही चिंचोळी जागा कुठं आली गं?"

"लांब आहे, आण्णा. आखातात."

"लांब असंल. पन आपल्याच टाकीत येऊन पडती."

मी हसले, पण मला शिकत असतानाचं एक वर्ष आठवलं. तेव्हाही असाच नकाशा होता, देश निराळे होते. त्या वर्षी मी काय बोलले होते ते मला तोंडपाठ आहे. विसरायला पाहिजे, विसरत नाही.

नांगरटीचा दर आमच्याकडं पाडव्याला बोलतात. घरोघरी गुढी उभी राहिली की ट्रॅक्टर धुऊन, हळद-कुंकू लावून, बॉनेटला साखरेची गाठी बांधून मारुतीच्या देवळासमोर आणतात. नारळ फोडायचा आणि एकरी दर एकदाच मोठ्यानं बोलायचा. लिहून कुणी घेत नाही. तो दर मृगापर्यंत. मधे ऊन वाढो, नांगराचे फाळ झिजोत, बोललेलं फिरवायचं नाही. आण्णांचे चुलते बैलांच्या नांगरटीचा दर असाच बोलायचे म्हणतात. बैलांचं ठीक होतं. त्यांची वैरण ह्याच शिवारात उगवायची. ट्रॅक्टरची वैरण समुद्रापलीकडून येते, हे त्या रीतीला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या वर्षी मी बी.ए.च्या शेवटच्या वर्गात होते. अर्थशास्त्र. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि याचा अभिमान माझ्यापेक्षा आण्णांना जास्त. पुढं डिग्री मिळाली तेव्हा त्यांनी ती प्लास्टिकमध्ये घालून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली. आमच्या घरात यापेक्षा मोठा मान कुठल्याच कागदाला मिळालेला नाही. मलाही गर्व होताच, खोटं कशाला बोलू? पेपरात आलेला शब्द मला कळतो आणि बाकीच्यांना कळत नाही, याची मला गोडी लागली होती.

पाडव्याच्या सकाळी आण्णा ट्रॅक्टर धूत होते. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात चिंधी. त्यांनी सहज विचारलं, "तिकडं लढाई लागलीय म्हनं. डिझेल वाढंल का गं?"

पंपावरचा भाव किती दिवस जागचा हलला नव्हता. मी तेवढंच बघितलं आणि सांगितलं, "नाही वाढणार. वाढायचं असतं तर लढाई लागल्या लागल्याच वाढलं असतं. बाजारानं ते पचवलंय."

"पचवलंय" हा शब्द मी कुठून आणला होता देव जाणे. पण आण्णांना तो पटला. देवळासमोर नारळ फोडून ते मागच्याच वर्षीचा दर बोलले, आणि वर चारचौघांत म्हणाले, "आमची सवी अर्थशास्त्राची हाय. ती म्हनली, डिझेल हलत न्हाई."

लोकांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं.

त्यानंतरच्या आठवड्यात डिझेल वाढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज सकाळी पंपावरचा आकडा बदललेला. एकदम मोठा घाव नाही, पैशापैशानं. आता कळतं तेव्हा काय झालं होतं. धरणाचं दार बंद आहे म्हणून पाणी यायचं थांबत नाही, ते मागं साठत राहतं. बाहेरच्या बाजारात कच्चं तेल केव्हाच चढलं होतं, फक्त आमच्या पंपाचं दार खाली होतं. ते उचललं तेव्हा पाणी आमच्या रानात शिरलं. आणि मी, मुळा धरणाच्या कालव्यावर वाढलेली मुलगी, दार बघून म्हणाले होते की पाणी नाही.

आमच्या बांधाला लागून जिजाकाकूंचं रान. काका एस.टी.त कंडक्टर, बारा महिने बाहेर. शेती सगळी काकूंची. काकूंकडं एक बाभळीची काठी आहे. तिच्यावर एक वीत चार बोटांवर खाच पाडलेली. नांगरट झाली की काकू तासात, नांगरानं पाडलेल्या चरात, उतरतात आणि ठिकठिकाणी काठी रोवून बघतात. खाचेपर्यंत गेली तर नांगरट खरी. आण्णांना याचा राग नव्हता. म्हणायचे, "वैनींची काठी म्हंजी आपली परीक्षाच. दरसाल पास."

काकू पाणवठ्यावर, दळणाला, जिथं भेटतील तिथं मला गाठायच्या. "काय गं मास्तरीन, आज काय म्हनतंय तुझं अर्थशास्त्र? पचलं का न्हाई अजून?"

"काकू, आता बास की."

"बास काय? तुझा बाप येडा हाय म्हनून वाढीव दर बोलला न्हाई. दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी कवाच दर वाढवला."

ते खरं होतं. बाकीच्यांनी पाडव्याचा दर गुंडाळून ठेवला होता. आण्णांनी नाही. जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा. आई म्हणाली, "सगळ्यांनी वाढवला, तुमी बी वाढवा." आण्णा म्हणाले, "नारळ फोडून बोललोय." एवढंच. मग पुन्हा भाकरी. मला वाटायचं त्यांनी माझ्यावर चिडावं. ते चिडत नव्हते, हेच जड जात होतं.

पंपावर डिझेल घ्यायला आम्ही गेलो, तेव्हा रांगेतला एक ट्रॅक्टरवाला हसत म्हणाला, "आण्णा, दर वाढवायची लाज वाटती तर नांगर जरा वर धरा की. चार बोटं. वरून ढेकळं सारखीच दिसत्यात." सगळे हसले. आण्णाही हसले. नांगर जितका खोल तितकं इंजिन जोर खातं, जितका जोर तितकं डिझेल. चार बोटांत टाकीचा बराच फरक पडतो, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

परत येताना आण्णांनी मला विचारलं, "मला एक सांग. पंपाच्या टाकीतलं हे तेल लढाईच्या आधी आलेलं आसंल ना? मग ते आज का महागलं?"

मी म्हणाले, "तिकडून तेल यायचं बंद झालंय म्हणून."

"आपल्याला तिकडूनच येतं का सगळं?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "बहुतेक." तेही खरं नव्हतं. आपलं तेल बऱ्याच ठिकाणांहून येतं. मी मडगार्डवर बसून दोन्ही बाजूंची रानं बघत राहिले. कुणाच्या रानात कांदा काढणाऱ्या बाया वाकलेल्या होत्या, वाऱ्याबरोबर पातीचा उग्र वास येत होता. मला पहिल्यांदा वाटलं की मी परीक्षेत लिहिलेलं आणि मला कळलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन दिवसांनी जिजाकाकूंची नांगरट होती. मी न्याहारी घेऊन निघाले. भाकरी, मिरचीचा ठेचा, ताकाची किटली. ऊन अजून कोवळं होतं. नांगरामागं बगळे चालत होते, फाळानं उलटलेल्या मातीतले किडे टिपत. ट्रॅक्टरचा आवाज भरलेला येत होता. मी अर्ध्या वाटेत असताना तो ओढ्याकडच्या पट्टीत वळला आणि आवाज हलका झाला.

मी थांबले. तिथली माती हलकी नाही. तीच काळी, तीच भारी. तरी इंजिन दमत नव्हतं. रस्त्यानं चालल्यासारखं सहज चाललं होतं.

बांधावर पोचले तेव्हा आण्णांनी मला बघितलं. त्यांचा हात नांगर वर-खाली करायच्या लिव्हरवर होता. त्यांनी ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरले, हात धुतले, जेवले. मी ताक ओतलं. उलटलेली माती वरून सगळीकडं सारखी काळी दिसत होती. त्या पट्टीत मात्र बगळे उतरले नव्हते. ढेकळावर एक साळुंकी तेवढी बसली होती.

मला कधी कधी वाटतं, लढाईत काय काय मोडतं याची यादी कुणी केली तर तीत ही पट्टी येणार नाही. पूल येतील, घरं येतील, जहाजं येतील. कुणा दूरच्या गावातला एक माणूस आयुष्यात पहिल्यांदा चार बोटं नांगर वर धरतो, हे कुठल्या बातमीत यायचं?

दुपारी काकूंच्या ओट्यावर कांदा निवडायला बसले. काकू मोठा, गोल, पक्क्या सालीचा कांदा चाळीसाठी बाजूला काढत होत्या. कांदा चाळ म्हणजे वारा खेळणारी, फटीफटींची लांब खोली. तिथं उन्हाळ कांदा पाच-सहा महिने टिकतो. घोडेगावच्या बाजारात भाव पडलेला होता, म्हणून काकू विकत नव्हत्या.

मी सहज म्हणाले, "काकू, मागल्या वर्षी तुम्ही कधी विकला होता?"

"गनपतीत. तिकडं खाली, दक्षिनेला, लई पाऊस झाला. त्यांचा कांदा सडला. आपल्याला चांगला भाव आला."

"पण तुमचा कांदा तर चैत्रातच काढलेला. त्याला काय झालं होतं?"

"काय व्हायचंय? चाळीत मजेत हुता."

"मग तोच कांदा महाग कसा झाला?"

काकूंनी कांदा हातात तसाच धरला. "आगं, एकानं न्हाई दिला तर दुसरा व्यापारी देनारच तेवढा भाव. मी का स्वस्तात घालू?" मग त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुला काय विचारायचंय, सरळ विचार."

मला विचारायचं काहीच नव्हतं. मला उत्तर मिळालं होतं, आणि ते पुस्तकात नव्हे, कांद्याच्या टरफलात मिळालं होतं.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आण्णा ओट्यावर फाळ घासत बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"आण्णा, तुम्ही विचारलं होतं ना, आधी आलेलं तेल आज का महागतं? काकूंचा चाळीतला कांदा जसा महागतो तसंच. पाऊस कर्नाटकात, कांदा आपल्या चाळीत, भाव घोडेगावला. सगळ्या जगाची एकच चाळ समजा. एका कोपऱ्यात आग लागली तर सगळा माल त्या दिवशीच्या भावानं जातो. जळालेला माल आपल्याकडं येणारा नसला तरी. कारण ज्याचा जळाला तो आता आपल्या दारात येतो, आणि जास्त भाव देतो."

"म्हंजी ज्याच्याकडं तेल हाय, त्यो जिजावैनी."

"हो. आणि नुसती आग लागेल अशी भीती असली तरी व्यापारी आधीच बोली वाढवतो. जहाजाला लांबून जावं लागतं, त्याचा विमा वाढतो, भाडं वाढतं. सगळा व्यवहार डॉलरमध्ये, आपला रुपया उतरला तर तेल जागेवर असूनही महाग. मग त्यावर आपल्या इथला कर. ज्यांच्याकडं विहिरी आहेत ते देश बसून ठरवतात, उपसा किती करायचा."

"आन उतरल्यावर?"

"उतरल्यावर पंपावर तेवढं उतरत नाही. कधी कर वाढवतात, कधी कंपन्या आधीचं नुकसान भरून काढतात."

आण्णा हसले. "चढताना रोज एक पायरी. उतरताना जिनाच सापडत न्हाई."

मग बराच वेळ ते फाळ घासत राहिले. लोखंडावर दगडाचा आवाज येत होता. मी म्हणाले, "पाडव्याला मी चुकीचं सांगितलं. मला माहीत नव्हतं, तरी सांगितलं."

"तू सांगितलंस. बोललो तर मी." त्यांनी फाळ उजेडाकडं धरून बघितला. "भाव कुनाच्याच हातात न्हाई म्हन की. आपल्या हातात तेवढा लिव्हर हाय."

आज मी कॉलेजात अकरावीच्या मुलांना मागणी आणि पुरवठा शिकवते. फळ्यावर दोन रेषा काढते, त्या एकमेकींना कापतात, तिथं टिंब देते. मुलं वहीत उतरवतात. त्या टिंबाजवळ एखादा माणूस उभा असतो आणि त्याचा हात कशावर तरी असतो, हे मला फळ्यावर काढता येत नाही.

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला ट्रॅक्टर सुरू झाला. मी अंथरुणातच ऐकलं. ओढ्याकडून आवाज येत होता, भरलेला, दमणारा. आण्णा ती पट्टी पुन्हा नांगरत होते. नांगरलेल्या रानात पुन्हा नांगर घालणं अवघड असतं, मोकळ्या ढेकळांत चाक रुतून घसरतं आणि डिझेल जास्तच जातं. काकू बांधावर आल्या तेव्हा आण्णांनी सांगितलं, "ढेकळं मोठी राहिली हुती, वैनी. म्हनलं एकदा परत घालावा."

"बरं केलं," काकू म्हणाल्या. काठी त्यांच्या हातात होती. त्या तासात उतरल्या नाहीत.

त्याच दिवशी आण्णा देवळासमोर गेले. सकाळी तिथं दूध घालायला आलेले लोक असतात. आण्णांनी ट्रॅक्टर नेला नाही, नारळ नेला. तो पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "पाडव्याला दर बोललो हुतो. त्यो मला झेपंना. आजपासून वाढीव दर घेईन. ज्यांची झाली त्यांची जुन्याच दरात. ज्यांना पटत न्हाई त्यांनी दुसरा ट्रॅक्टर बघावा, राग न्हाई. बोललेलं मोडतोय, म्हनून समोर येऊन सांगतोय."

मी मागं उभी होते. आण्णांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक वाटला. तात्या नावाचे एक म्हातारे पायरीवर बसायचे, ते म्हणाले, "आरं, पाडव्याचा बोल मधीच फिरवलेला आमी बघितला न्हाई कवा. बाकीच्यांनी वाढवला, पन असं येऊन सांगितलं तरी न्हाई."

"म्हनूनच सांगतोय, तात्या."

"आन पोरीचं अर्थशास्त्र?" कुणीतरी मागून म्हणालं. हशा झाला. माझे कान तापले.

"पोरगी नवीन हाय," आण्णा म्हणाले, "चुकंल, शिकंल. दर बोलनारा मी जुना हाय."

दुधाच्या किटल्यांचा आवाज तेवढा. लोकांनी काय करायचं ते त्या शांततेत ठरत होतं, आणि आण्णा नारळाकडं बघत उभे होते. तेवढ्यात किटली घेऊन आलेल्या जिजाकाकू पुढं झाल्या.

"दर वाढवा भावजी," त्या म्हणाल्या. "पन नांगर उचलू नका."

बाकीच्यांना ते उगाच बोलल्यासारखं वाटलं असेल. नांगरट खोल करा, एवढंच. आण्णांना कळलं, मला कळलं. काकू आदल्या दिवशीच त्या पट्टीत काठी घेऊन गेल्या होत्या. आण्णांनी ती दुसऱ्यांदा नांगरायच्या आधी. दुपारी माझ्यासमोर बसून कांदा निवडताना त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्या गप्प होत्या.

आण्णा खाली वाकले, नारळ उचलला आणि काकूंच्या हातात दिला. "तुमीच फोडा, वैनी."

काकूंनी फोडला. एका फटक्यात.

त्या वर्षी तीन-चार जणांनी दुसरा ट्रॅक्टर लावला. बाकीचे राहिले. तेव्हापासून आमच्याकडं पाडव्याला दर बोलताना आण्णा एक वाक्य जास्त बोलतात, "आजच्या डिझेलवर हा दर. वाढलं तर येऊन सांगीन, उतरलं तरी येऊन सांगीन." उतरल्याचं सांगायला ते एकदाच गेले. तात्यांना तेव्हा हसू आवरलं नव्हतं.

यंदाचा पाडवा परवा झाला. ट्रॅक्टर धुऊन झाला, गाठी बांधून झाली. देवळासमोर पोचल्यावर आण्णांनी माझ्याकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मास्तरीनबाई, यंदा काय? वाढंल का?"

चिंचोळी वाट, अडकलेली जहाजं, रुपया, कर, सगळं माझ्या डोक्यात होतं. वर्गात मी यावर तासभर बोलू शकते. मी म्हणाले, "वाढायची भीती आहे. वाढेलच असं सांगता येत नाही."

"हे बरोबर," आण्णा म्हणाले आणि नारळ फोडला.

आज सकाळी जिजाकाकूंच्या रानात नांगर लागला. मी न्याहारी घेऊन गेले. काकू आता थकल्यात, बांध उतरताना माझा हात धरतात. ओढ्याकडच्या पट्टीपर्यंत आम्ही दोघी ढेकळांतून गेलो. ट्रॅक्टर पलीकडच्या टोकाला होता, आवाज भरलेला येत होता. काकूंनी काठी माझ्या हातात दिली.

"बघ तूच."

मी ती रोवली. माती गार होती, मऊ होती. काठी खाचेपर्यंत गेली.